तळ्यात उतरून हातानं कॅटफिश कसा धरायचा: टेक्सासच्या गाईडेड नूडलिंग ट्रिपची सगळी माहिती

गेल्या जूनमध्ये आईला फोनवर सांगितलं की शनिवारी नूडलिंगला चाललोय, तर ती म्हणाली एवढ्या उन्हात तळ्यावर जाऊन नूडल्स कशाला करताय, घरीच करा की. समजावता समजावता वीस मिनिटं गेली, शेवटी "अगं बिळात हात घालून मासा धरायचा" एवढं म्हटलं आणि तिला एकदम कळलं, कारण आमच्या आजोळी, पन्हाळ्याच्या बाजूला, पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे आणि कपारीतले खेकडे हातानंच धरायचे, त्यात तिला काय नवल. नवीन एवढंच की इथं बिळात खेकड्याऐवजी माणसाच्या मांडीएवढा मासा बसलेला असतो आणि तो स्वतःहून पुढे येऊन तुमचा हात तोंडात घेतो.

मी दोनदा गेलोय. एकदा हात हलवत परत आलो, एकदा ३८ पौंडाचा म्हणजे जवळजवळ सव्वासतरा किलोचा फ्लॅटहेड कॅटफिश छातीशी धरून फोटो काढला. डॅलस, फ्रिस्को, आयर्विंगकडचे बरेच मित्र विचारतात की नेमकं कसं करायचं, किती धोका आहे, पोरांना नेता येईल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण बाकी सगळी तयारी त्यासाठीच असते: मासा चावला की हात मागे ओढायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. नाहीये.

आधी हे प्रकरण काय आहे ते

नूडलिंग हे ओक्लाहोमा-टेक्सासकडचं नाव, मिसिसिपी, टेनेसीकडे गेलात तर ग्रॅबलिंग किंवा हॉगिंग म्हणतील. गळ नाही, जाळं नाही, भाला नाही, फक्त हात. टेक्सासमध्ये हे २०११ पर्यंत बेकायदा होतं, पकडलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड होता, मग त्या वर्षी कायदा बदलला आणि १ सप्टेंबरपासून कॅटफिश हातानं धरायला परवानगी मिळाली. ओक्लाहोमात मात्र ते आधीपासूनच चालत आलेलं, तिथं पॉल्स व्हॅली गावात २०००पासून नूडलिंगची स्पर्धा सुरू झाली, जत्राच म्हणा ना. उलट मिसूरीत आजही चालत नाही. त्यामुळे राज्याची हद्द ओलांडलीत की नियम बदलतो हे डोक्यात ठेवा, टेक्सोमासारखं तळं तर थोडं टेक्सासमध्ये, थोडं ओक्लाहोमात आहे.

मासा बहुतेक वेळा फ्लॅटहेड कॅटफिश. नावाप्रमाणे डोकं चपटं, तोंड रुंद, मिशा, अंगावर खवले नाहीत, पिवळट तपकिरी रंग. आपल्याकडचा शिंगाळा किंवा मांगूर डोळ्यासमोर आणा आणि तो दहापट करा. काठीच्या गळावर धरलेला जगातला विक्रमी फ्लॅटहेड १९९८ मध्ये कॅन्ससमध्ये मिळाला, १२३ पौंड, म्हणजे ५५ किलोच्या वर. घाबरू नका, गाईडेड ट्रिपमध्ये साधारण १५ ते ४० पौंडाचे मिळतात.

आता तो हाताला का चावतो? भुकेनं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी कपारीत, पोकळ ओंडक्यात, काठाखालच्या बिळात अंडी घालते आणि निघून जाते, मग नर एकटाच राखण करत बसतो, शेपटीनं पाणी हलवून अंड्यांना ताजं पाणी देत राहतो आणि आत काहीही शिरलं की त्याच्यावर धावून जातो. तुमचा हात म्हणजे त्याच्या दृष्टीनं अंडी खायला आलेला चोर. हे कळलं की पुढचं सगळं कळतं, कधी जायचं, कुठं शोधायचं, सोडताना कुठं सोडायचं, सगळं.

कधी जायचं

माझी पहिली ट्रिप इथंच फसली. ऑफिसच्या सुट्ट्या जुळेनात म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यातलं बुकिंग केलं, गाईड म्हणाला मिळतील मिळतील, आणि आम्ही सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत बावीस बिळं चाचपली तर दोन कासवं आणि एक जुना बूट. पिल्लं बाहेर पडून गेली की नर बिळात थांबत नाही, मग कितीही भारी गाईड असू दे. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

फ्लॅटहेड अंडी घालतो ते पाणी साधारण २१ ते २७ सेल्सिअस, इथल्या भाषेत ७० ते ८० फॅरनहाइट झालं की. उत्तर टेक्सासमध्ये हा काळ ढोबळमानानं मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. त्यातही जूनचे पहिले तीन आठवडे धरा. शनिवार-रविवार हवा असेल तर मार्चमध्येच बुक करा, कारण सीझन इतका छोटा की चांगल्या गाईडच्या तारखा लगेच संपतात. आणि आदल्या दोन-तीन दिवसांत मोठा पाऊस झाला, तळ्याची पातळी एकदम चढली तर स्वतःहून फोन करून विचारा, कारण जी बिळं काल छातीएवढ्या पाण्यात होती ती आज डोक्यावर जातात.

गाईड कसा निवडायचा

आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते टावाकोनी तळ्यावर. डॅलसच्या पूर्वेला साधारण ५० मैल, सबीन नदीवरचं धरण, कॅटफिशसाठी प्रसिद्ध, काठावरचं वेस्ट टावाकोनी गाव तर स्वतःला टेक्सासची कॅटफिश राजधानी म्हणवतं. आम्ही चौघं होतो, मी, माझा मेहुणा जो पुण्याहून दोन महिन्यांसाठी आला होता, आणि दोन ऑफिसातले मित्र.

गाईडला फोन करून हे विचाराच. तुमच्याकडे फिशिंग गाईडचं लायसन आहे का (टेक्सासमध्ये पैसे घेऊन लोकांना मासेमारीला नेणाऱ्याला ते लागतंच). सोबत अजून कोण असतं, म्हणजे पाण्यात तुमच्याबरोबर किमान दोन अनुभवी माणसं हवीत, एकटा गाईड बोटीतून सूचना देतोय असं असेल तर सरळ नको म्हणा. बीळ आधी कोण तपासतं? उत्तर "मी" असं आलं पाहिजे, "तुम्हीच तपासा, मजा येते" असं नाही. पाणी किती खोल असतं, डोकं बुडवावं लागतं का, लाइफ जॅकेट कोणत्या मापाची आहेत, मासे सोडता की ठेवता, आणि मासा नाही मिळाला तर काय. शेवटच्या प्रश्नाला जो हमखास मिळणारच म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही, अनुभवानं शहाणा झालोय.

लायसन तुमचं तुम्ही काढायचं, गाईडच्या लायसनवर तुमचं चालत नाही. टेक्सासमध्ये १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना लागतं, एका दिवसाचंही मिळतं, आम्ही काढलं तेव्हा इथल्या रहिवाशाला ११ आणि बाहेरून आलेल्याला १६ डॉलर होते. मेहुण्याचं पासपोर्टवर निघालं, पाच मिनिटांचं काम. फ्लॅटहेड ठेवणार असाल तर तो किमान १८ इंचांचा हवा आणि दिवसाला माणशी पाचच. आणि अजून एक, काही राज्यांत मासे येऊन बसावेत म्हणून लाकडी खोकी पाण्यात टाकून ठेवतात, टेक्सासच्या सार्वजनिक पाण्यात खोकी, पिंपं, पाईप असलं काही टाकायला बंदी आहे. गाईड तुम्हाला "माझ्या बॉक्सवर नेतो" म्हणाला तर दुसरा शोधा. नियम दरवर्षी थोडे बदलतात, निघायच्या आधी पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर एक नजर टाका.

काय घालायचं

जुनी जीन्स किंवा जाड लेगिंग, अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि लेस बांधलेले जुने बूट. चप्पल, क्रॉक्स अजिबात नको, तळाशी शिंपले, तुटक्या बाटल्या, गंजलेले गळ असतात. सैल काही घालू नका, पाण्याखाली मुळात किंवा सळीत अडकलं तर सोडवायला वेळ नसतो. अंगठी, घड्याळ, गळ्यातलं, हातातला कडा-दोरा सगळं गाडीत काढून ठेवा. मेहुणा हातातला दोरा काढायला तयार नव्हता, आईनं बांधलाय म्हणे. गाईडनं शांतपणे स्वतःच्या मनगटावरचा एक पांढरा वण दाखवला, मग निघाला दोरा.

हातमोजे हा वादाचा विषय. पातळ मोजे घातले तर कातडं वाचतं पण मासा हाताला नीट कळत नाही. पहिल्यांदा जाताय तर घाला. मी शहाणपणा करून घातले नाहीत, त्याचं फळ शेवटी सांगतो.

आणि नाकाला क्लिप. इथले जुने लोक हसतील, हसू दे. टेक्सासच्या गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, नाकातून पाणी वर गेलं तर मेंदूपर्यंत पोचतो, फार म्हणजे फार दुर्मीळ आहे पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही, आणि क्लिप दोन-तीन डॉलरची आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही बघून ठेवा. पोहता येत नसेल तर पाण्यात उतरू नका, बोटीत लाइफ जॅकेट घालून फोटो काढा, तेही काम कुणीतरी करायला लागतंच. लहान पोरांचंही तेच.

पाण्यात

पाणी गढूळ असतं, चहासारखं, हात कोपरापर्यंत घातला की बोटं दिसत नाहीत. गाईड बोट लावतो ते तीन प्रकारच्या ठिकाणी: काठाखाली पाण्यानं खाल्लेली कपार, बुडालेली झाडं नाहीतर मोठे दगड, आणि सगळ्यात हमखास म्हणजे बोटी उतरवायचे जुने काँक्रीटचे रॅम्प. बोट ट्रेलरवर चढवताना इंजिनचा पंखा रॅम्पच्या टोकाची माती उडवत राहतो, वर्षानुवर्षं, आणि स्लॅबखाली मस्त गुहा तयार होते. माशाला आयतं घर.

पहिली पायरी, बीळ तपासणे, हे गाईडचं काम. त्यात दोन गोष्टी तो बघतो. एक, बिळाचं तोंड पूर्ण पाण्याखाली आहे का. बिळाचा वरचा भाग पाण्याबाहेर असेल, आत हवा असेल, तर तिथं साप, बीव्हर, मस्करॅट असले प्राणी राहतात, तिथं हात घालायचाच नाही. इथं कॉटनमाउथ नावाचा विषारी पाणसाप आहे, गंमत नाही. दुसरी, आत काय लागतंय. तो काठीनं नाहीतर बुटानं हळू चाचपतो, खडखड लागलं तर दगड किंवा कासव, आणि स्नॅपिंग टर्टल बोट तोडू शकतं, गुळगुळीत आणि रबरासारखं दबलं तर मासा. अजून एक खूण, बिळाच्या तोंडाशी तळ स्वच्छ असतो, गाळ नसतो, कारण नरानं शेपटीनं झाडून ठेवलेला असतो. गाईडनं माझा हात धरून ते दाखवलं, बाहेर चिखल आणि आत एकदम घट्ट चोपून बसलेली वाळू, जसं कुणीतरी सारवून ठेवलंय.

दुसरी पायरी, वाटा बंद करणे. कपारीला बऱ्याचदा दोन-तीन तोंडं असतात. एका तोंडाशी तुम्ही, बाकीच्या तोंडांशी बाकीचे लोक पाय जुळवून, गुडघे चिकटवून बसतात, फट राहिली तर दगड नाहीतर वाळूची पिशवी. हे काम कंटाळवाणं वाटतं पण अर्धी शिकार इथंच होते. आमचा पहिला मासा मेहुण्याच्या दोन गुडघ्यांमधून गेला. "दाजी, आत काहीतरी आहे, दाजी पायाला लागलं, दाजी गेलं!" एवढ्या तीन वाक्यांत मासा तळ्यात.

तिसरी पायरी, हात. गुडघ्यावर बसा, एक श्वास घ्या, गाईडनं सांगितलेल्या खुणा आठवा (आमच्याकडे पाठीवर दोन थापा म्हणजे वर ये, आणि मी पाय दोनदा झटकला की मला ओढा). खाली जाताना एक माणूस तुमचा पट्टा किंवा घोटा धरून असला पाहिजे, नसेल तर जाऊ नका. हात आत जाईल, कोपर जाईल, फारतर खांदा जाईल, पण डोकं आणि दुसरा खांदा बिळात कधीच घालायचा नाही, मासा कितीही जवळ वाटला तरी. या खेळात लोक मरतात ते चाव्यानं नाही, बुडून मरतात.

बोटं एकत्र, तळवा खाली, हात तळाला घासत हळूहळू पुढे. बोटं पसरली तर कल्ल्यात किंवा काट्यावर जातात. माझ्या बोटांना आधी काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं, भिजवलेल्या साबुदाण्याचा गोळा असावा तसं, ती अंडी होती, म्हणजे बाप इथंच कुठंतरी. आणि मग आवाज. आवाज म्हणावं की धक्का, ढोलाच्या पानावर थाप मारावी तसा पाण्यातून छातीत जाणवतो. नर आधी डोक्यानं ढुशी देतो, एकदा, दोनदा, हात तिथंच ठेवा. मग चावतो.

चावतो म्हणजे हात एकदम दारात सापडल्यासारखा होतो. त्याला कुत्र्यासारखे सुळे नाहीत, वर-खाली बारीक बारीक दातांची पट्टी असते, जाड सॅंडपेपरसारखी, आणि ते दात आतल्या बाजूला झुकलेले असतात. म्हणूनच हात बाहेर ओढलात की कातडं सोलून निघतं आणि आत ढकललात तर काहीच होत नाही. लहानपणी खेकड्याच्या बिळात हात घालून घालून माझ्या अंगात उलटी सवय भिनलेली, काही टोचलं की हात बाहेर. पहिल्या चाव्याला मी तेच केलं, मासा गेला, मनगटावर लाल रेघा राहिल्या. गाईड म्हणाला पुन्हा घाल, तो कुठं जात नाही, अंडी सोडून जाणार नाही. आणि खरंच, दोन मिनिटांत तो परत ढुश्या द्यायला हजर.

चावला की करायचं हे: अंगठा तोंडात, खालच्या जबड्याच्या आत, चार बोटं जबड्याच्या खालून बाहेर, आणि मूठ बंद. बादलीची कडी धरतो तशी. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, रक्त येतं आणि मासा मरतो, तुमचीही बोटं फाटतात. मूठ बसली की त्याला लगेच ओढू नका, तो स्वतःभोवती गरगर फिरतो, मनगट सैल ठेवून त्याच्याबरोबर थोडं फिरू द्या, दुसरा हात आत घालून तोही जबड्याला लावा, मग हळू बाहेर. बाहेर येताच छातीशी घट्ट धरा आणि दोन्ही पाय त्याच्या शेपटीभोवती. पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना एकेक टणक काटा असतो, तो पोटात घुसतो, म्हणून त्याची पाठ तुमच्यापासून लांब. मग उभं राहा. श्वास संपत आला असेल तर मासा सोडा आणि वर या, यात लाज काही नाही, मित्रानं दोनदा सोडला.

मासा हातात आल्यावर

माझं मत सरळ आहे, सोडून द्या. एवढा मोठा नर व्हायला बरीच वर्षं लागतात आणि त्याच्या मागे हजारो अंडी आहेत. तो बिळात नसला की ब्लूगिलसारखे छोटे मासे थोड्या वेळात ती साफ करतात. म्हणून फोटो एक मिनिटात उरका, जबड्यानं उभा लटकवू नका, पोटाखाली हात देऊन आडवा धरा, आणि सोडताना तळ्यात कुठंही न सोडता त्याच बिळाच्या तोंडाशी सोडा. आमचा आत गेला आणि जाता जाता शेपटीनं तोंडावर पाणी उडवून गेला.

खायचाच असेल तर सहा-आठ पौंडाचा ठेवा, मोठ्यात पारा जास्त साठतो, आणि त्या तळ्यासाठी आरोग्य खात्याची काही सूचना आहे का ते बघा. चव मात्र झकास, कारण फ्लॅटहेड घाण खात नाही, जिवंत मासे खातो. मांस पांढरं, काटे कमी. कातडं काढा, तुकड्यांच्या कडेची लाल पट्टी आणि पिवळी चरबी कापून टाका, चिखलाचा वास तिथंच असतो. इथले लोक मक्याच्या पिठात घोळवून तळतात, आम्ही मित्रानं धरलेल्या छोट्याला कोकमाचं आगळ, हळद, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला लावून रव्यात तळला. बायको म्हणाली सुरमई नाही पण नाव ठेवण्यासारखं नाही. आमच्याकडे ही मोठी पावती.

घरी आल्यावर

हात-पाय साबणानं लगेच, तळ्यावरच बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं धुवा, नुसतं पुसून चालत नाही. मग अँटिसेप्टिक. दुसऱ्या दिवशी हातभर लाल खरचटं दिसेल, ते साधं आहे, आठवड्यात जातं. पण एखादी जागा सुजत चालली, गरम लागली, लाली वर सरकू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि तळ्याच्या पाण्यात जखम झालीय हे आवर्जून सांगा, कारण त्या पाण्यातल्या जंतूंना औषध वेगळं लागू शकतं.

टिप विसरू नका, १५-२० टक्के, आणि जो माणूस तुमचा घोटा धरून पाण्यात बसला होता त्याला वेगळी.

आणि मोजे न घालण्याचं फळ. त्या जबड्यानं माझ्या अंगठ्याचं कातडं असं घासून नेलं की सोमवारी ऑफिसात लॅपटॉपच्या फिंगरप्रिंटनं मला ओळखलंच नाही, फोननंही नाही, आणि पासवर्ड दीड वर्षात टाईप केलेला नव्हता. तेवढा आठवून जा.